उलटा लागला

मामाने मामीची तांब्याची कळशी परसात गळ्यापर्यंत पुरली, तेव्हा मामी माहेरी गेली होती. ती घरी असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचं भलं झालं असतं.

मामा घामाघूम होऊन पहारीला टेकला. मी पायरीवर चहा पीत बसलो होतो.

"गुरू, कळशीचं तोंड कुठाय?"

"जमिनीला."

"आणि बूड?"

"जमिनीखाली. हातभर."

"मघाशी ती अंगणात उभी होती तेव्हा?"

"बूड जमिनीवर. तोंड हातभर वर."

"मधल्या वेळात कळशी बदलली काय? मोठी झाली, लहान झाली?"

"नाही. चिखल लागला फक्त."

"झालं तर," मामा म्हणाला. "तोंड जमिनीला आणलं की बूड आपोआप जमिनीखाली जातं. त्याला वेगळं सांगावं लागत नाही. हाच आपला मायनस सप्लाय."

मी मान डोलावली. मान डोलावण्याचं शिक्षण मी तीन वर्षं घेतलं होतं. शेवटी त्याचा डिप्लोमाही मिळाला होता, इलेक्ट्रॉनिक्समधला, आणि तो आईने लॅमिनेट करून घेतला होता. नोकरी लागेपर्यंत जरा हाताला वळण लागू दे म्हणून तिने मला देवरुखला आपल्या भावाकडे धाडलं होतं. माझं नाव गुरुनाथ. घरात सगळे गुरू म्हणतात. मामाही म्हणायचा, आणि त्यात त्याला काही विनोद दिसत नसे.

मामा म्हणजे यशवंत पांचाळ, शिक्षण आठवी. एसटी स्टँडच्या मागे त्याचं 'न्यू यशवंत इलेक्ट्रॉनिक्स' होतं. जुनं यशवंत इलेक्ट्रॉनिक्स कधीच नव्हतं, पण रंगाऱ्याने बोर्डाला न्यू लावूनच दर सांगितला होता, म्हणून राहू दिलं. टीव्ही, मिक्सर, देवळाचे कर्णे, काहीही तिथे यायचं आणि चालू होऊन जायचं. मामाची एक पद्धत होती. एखादा टाका सोल्डर केला, ओढून पाहिला, मीटर लावला, की तो त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. म्हणजे हा टाका बघितला, आता याची काळजी नाही. नेलपॉलिश मामीचं. त्यामुळे मामीची नखं कायम कोरी, आणि तालुक्यातले टीव्ही आतून नटलेले.

आता कळशी का पुरली ते सांगतो.

रमाकांत गोताड हे 'नवतरुण बेंजो पार्टी'चे मुख्य वादक. पार्टी स्थापन झाली तेव्हा नाव खरं होतं. पुढे तरुण तेच राहिले, फक्त गुडघे बदलले. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याचा आवाज फारच बारीक, म्हणून तो आधी एका छोट्या डब्यातून मोठा करून मग कर्ण्याकडे पाठवायचा. त्या डब्याला दोन बॅटऱ्या लागायच्या, एक शून्याच्या वरची आणि एक शून्याच्या खालची.

खालची कशाला, असं रमाकांतकाकांनी एकदा विचारलं होतं. मामाने त्यांना तार छेडून दाखवली. तार वर जाते तेवढीच खाली येते. खाली यायला जागाच ठेवली नाही तर सूर चपटा होणार. माणसाचंही तसंच, असं तो शेवटी म्हणाला. हे तो कशालाही जोडायचा. फ्यूजबद्दलही म्हणाला होता, अर्थिंगबद्दलही.

आदल्या वर्षी माघी गणपतीच्या स्पर्धेत ऐन गाण्यात खालची बॅटरी मेली आणि बेंजो सर्दी झाल्यासारखा नाकात गायला लागला. नवतरुण पार्टी शेवटून पहिली आली. तेव्हापासून काकांचं एकच म्हणणं होतं की टेम्पोची बारा व्होल्टची बॅटरी आहे, तेवढ्या एकीवर सगळं चालव. दुसरी बॅटरी दिसली तर मी बेंजो विहिरीत टाकीन.

मामाने आधी मला विचारलं. डिप्लोमा माझ्याकडे होता. मी विचार करून सांगितलं की दुसरी बॅटरी घ्यावी.

मग मामाने स्वतः विचार केला. चार दिवस. पाचव्या दिवशी मामी माहेरी गेली आणि सहाव्या दिवशी कळशी जमिनीत गेली.

त्याने जे बनवलं ते मी आज फळ्यावर डोळे मिटून काढू शकतो. एक आठ पायांची काळी चिप, जी सेकंदाला हजारो वेळा नुसती वर-खाली करते, वर-खाली, दुसरं काही नाही. सरकारी खात्यात शोभली असती. तिला जोडलेला पहिला कपॅसिटर, वीज भरून ठेवणारा, म्हणजे कळशी. त्याचा प्लस म्हणजे तोंड, मायनस म्हणजे बूड. चिप वर गेली की तोंड बारा व्होल्टवर, बूड जमिनीवर, आणि कळशी भरते. चिप खाली आली की तोंड खेचून जमिनीला येतं, आणि बुडाला इलाजच उरत नाही, ते जमिनीखाली जातं. तिथे दोन डायोड झडपांसारखे बसलेले. खाली गेलेलं पुन्हा वर येऊ देत नाहीत. आणि त्यांच्यापुढे दुसरा कपॅसिटर. तो रांजण. कायमचा जमिनीत पुरलेला. कळशी त्यात ओतत राहते आणि बेंजोचा डबा त्यातून निवांत पितो. डायोड वाटेत दीडेक व्होल्ट खातात, पण तेवढं कोण कुठे खात नाही.

"रांजण पुरला की त्याचं तोंड कुठं असतं?" मामाने विचारलं होतं.

"जमिनीशी," मी म्हणालो होतो. तोंडाने. कानांचा त्यात काही सहभाग नव्हता. मला वाटत होतं की मामा कळश्या-रांजणांच्या गोष्टी सांगतोय कारण त्याला सूत्रं येत नाहीत.

डबा तयार झाला, दुकानात तासभर चालला, आणि ही बातमी खानविलकर सरांपर्यंत गेली. आमच्याकडे एक टेक्निकल शाळा आहे, सर तिचे मुख्याध्यापक. ते दुकानात आले, स्टुलावर बसले, डबा कानाला लावून पाहिला, त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं तरी. मग म्हणाले, पांचाळ, शनिवारी दोन तास आमच्या मुलांना शिकवाल का? संस्थेत आठवी पास माणसाला उभं करायचं तर मला लोकांना काहीतरी दाखवावं लागेल. स्पर्धेत मी परीक्षक आहे, चार विश्वस्तही येतील, सगळ्यांसमोर हा डबा एकदा चालू दे.

ते गेल्यावर मामा बराच वेळ एकच स्क्रू पुसत बसला. संध्याकाळी त्याने शिंप्याकडे पांढरा शर्ट टाकला आणि येताना एक पेन आणलं. आयुष्यभर तो टेस्टर खिशाला लावून फिरला होता. त्या दिवशी त्याने टेस्टर काढला, पेन लावलं, आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "मुलं सर म्हणतात, की गुरुजी?"

मी म्हणालो, "यशवंत सर म्हणतील."

तो लाजला. पन्नाशीचा माणूस लाजताना मी तोवर पाहिला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मामा शर्ट आणायला गेला. जाताना डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, चार स्क्रू लाव फक्त.

मी चार स्क्रू हातात घेतले आणि आत पाहिलं.

बोर्डावरच्या प्रत्येक कपॅसिटरला एक पांढरी पट्टी होती. ती मायनसची खूण. इनपुटच्या कपॅसिटरची पट्टी ग्राउंडकडे, म्हणजे मामाच्या भाषेत जमिनीकडे. फिल्टरच्या कपॅसिटरची पट्टी ग्राउंडकडे. आणि त्या एकट्या रांजणाची पट्टी ग्राउंडकडे पाठ करून बसलेली. प्लसचा पाय थेट ग्राउंडला.

आता, मला तीन वर्षांत एक गोष्ट पक्की शिकवली होती: मायनस म्हणजे ग्राउंड. तोंडी परीक्षेत विचारली होती. मी बरोबर सांगितली होती. परीक्षक 'व्हेरी गुड' म्हणाले होते, आणि ते मला आयुष्यात एकदाच कोणी म्हटलं होतं.

माझं काळीज भरून आलं. बिचारा मामा, मनात आलं. इतका मोठा डबा केला आणि इथे घसरला. सगळ्या गावासमोर, सरांसमोर त्याची फजिती झाली असती, आणि ती टाळायला नेमका मी इथे होतो. मी सोल्डरगन तापवली. कपॅसिटर काढला, फिरवला, परत लावला. डबा चालू करून मिनिटभर पाहिला. झकास चालला. मग चार स्क्रू लावले.

मामा नवा शर्ट घालून आला तेव्हा मी काही बोललो नाही. ऐन वेळी कशाला त्याला खट्टू करा. बक्षीस मिळाल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं: मामा, एक रांजण पालथा होता हां तुमचा. वाटेत लुनावर मागे बसून मी ते तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं.

मांडव शेजारच्या वाडीत. दुपारचे तीन. पहिल्या रांगेत खानविलकर सर आणि विश्वस्त, मधोमध मामा, खिशाला पेन. मी स्टेजच्या बाजूला, बॅटरीजवळ. म्हणजे स्विचपासून चार पावलांवर. हे अंतर मी नंतर पुष्कळदा मोजलं आहे.

रमाकांतकाकांनी सुरुवात केली आणि मांडव गप्प झाला. तो बेंजो असा कधी वाजलाच नव्हता. सूर वर जात होता, तितकाच खाली उतरत होता, कुठेही अडत नव्हता. एका विश्वस्ताने सरांच्या कानात काही सांगितलं, सर हसून मामाकडे वळले, आणि मामाने खाली बघून शर्टाची घडी नीट केली.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला सूर किंचित चपटा झाला.

कोणाच्या लक्षात आलं नाही. मामाच्या आलं. त्याने मान तिरकी केली. आणि त्याची तिरकी मान बघताना माझ्या डोळ्यांसमोर, का कोण जाणे, परसातली ती कळशी आली. गळ्यापर्यंत पुरलेली. बूड खाली, हातभर. तोंड जमिनीला.

तोंड म्हणजे प्लस.

प्लस जमिनीलाच हवा. मायनसच्या बाजूला जमीन ही वरची असते. मामाने रांजण सरळ पुरला होता, आणि मी तो उकरून डोक्यावर उभा केला होता. उलटा लागलेला कपॅसिटर आधी गळतो, मग तापतो, मग फुगतो. हेही मला शिकवलं होतं. याला कोणी व्हेरी गुड म्हटलं नव्हतं, म्हणून मागे पडलं.

चार पावलं होती. वेळही होता, दोन मिनिटं तरी. उठायचं, स्विच बंद करायचा, म्हणायचं की थांबा, मी एक चूक केलीय, पाच मिनिटं द्या. मामाने तिथल्या तिथे कपॅसिटर बदलला असता. त्याच्या पिशवीत सगळं असायचं. मी उठायचं ठरवलं. मग विश्वस्तांकडे पाहिलं. मग वाटलं, काकांचं गाणं आता संपतच आलंय, तेवढं निभेल. कपॅसिटरनेही थोडं समजून घ्यायला हवं. मी बसून राहिलो आणि मनातल्या मनात गणपतीला एका इलेक्ट्रॉनिक घटकाच्या दीर्घायुष्यासाठी साकडं घातलं.

फट् झालं.

डब्याच्या भोकांतून पांढरा धूर आला आणि कागदाचे बारीक कपटे उडून रमाकांतकाकांच्या टोपीवर पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमात आहे. मागे एक आजोबा म्हणाले की मांडवात फटाके लावायला बंदी आहे. काका कानाने जरा कमी असल्यामुळे कर्णा बंद पडल्यावरही दोन ओळी वाजवत राहिले. नुसत्या तारांचा आवाज, डास गुणगुणल्यासारखा. मग तेही थांबले.

मामा वर आला. स्टेजच्या कडेला बसून त्याने चारी स्क्रू काढले, बोर्ड बाहेर घेतला, पालथा केला आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. बराच वेळ बघत होता. मग बोर्ड परत ठेवला आणि चारी स्क्रू पुन्हा लावले, एकेक, घट्ट.

खानविलकर सर जवळ आले. "काय झालं, पांचाळ?"

"कपॅसिटर उलटा लागला, सर."

"एवढी साधी गोष्ट?"

मामा उठून उभा राहिला. "डबा माझा आहे," तो म्हणाला.

सरांनी मान हलवली आणि विश्वस्तांकडे गेले. मांडवातून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आठवी पास कपॅसिटर." लोक हसले. मीही हसलो. न हसणं संशयास्पद वाटलं असतं.

परतताना चढाला लुना दम टाकते म्हणून मी उतरून चालत होतो आणि मामा बाजूने गाडी ढकलत होता. शर्टावर काळा डाग पडला होता. चढ संपताना त्याने विचारलं, "गुरू, काही बोलायचंय?"

"नाही मामा."

"बरं."

एवढंच. तीन आवाजांत पाठ केलेलं वाक्य माझ्या घशात होतं, पण ते आता कुठल्याच आवाजात म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं.

महिनाभराने खानविलकर सरांचा निरोप आला. शनिवारच्या तासाला माणूस हवाच होता, आणि माझ्याकडे डिप्लोमा होता. मी मामाला सांगितलं की मी जाणार नाही. हे मी अशा रीतीने सांगितलं की कोणीही मला जा म्हणावं. मामा म्हणाला, जा. मग खिशातलं पेन काढून माझ्या खिशाला लावलं. "तुझ्याकडे कागद आहे," तो म्हणाला, "पेनही असू दे."

त्याने त्यानंतर नवीन काही बनवलं नाही. रिमोट दुरुस्त करायचा.

मी मात्र चांगला शिक्षक झालो. हे माझं मत नाही, मुलांचं आहे. बारा वर्षं शनिवारी शिकवतोय. मायनस सप्लायचा धडा आला की कळशी आणि रांजण सांगतो, पोरांना एका झटक्यात कळतं. आणि मग, धडा पक्का व्हावा म्हणून, एक किस्सा सांगतो: माझ्या मामाने एकदा हा कपॅसिटर उलटा लावला होता. धूर, टाळ्या, टोपीवरचे कपटे, फटाक्यांना बंदी. मी नकला बऱ्या करतो. वर्ग लोळतो. एकदा एक विद्यार्थी रिमोट घेऊन मामाच्या दुकानात गेला आणि म्हणाला की सर तुमचा किस्सा काय भारी सांगतात. मामा म्हणाला, हो, ऐकण्यासारखा आहे तो.

गेल्या चैत्रात मामा गेला. दिवस झाल्यावर मामीने मला एक कापडी पिशवी दिली. आत तो डबा. "हे गुरूला द्या म्हणायचे," ती म्हणाली. "त्यात त्याचं काम आहे म्हणाले."

मला वाटलं, दुरुस्त करायचा राहिलाय म्हणून. घरी येऊन चार स्क्रू काढले. फुटलेला कपॅसिटर तसाच होता, बारा वर्षांचा, पोट उघडं टाकून. बोर्ड पालथा केला.

मागे सगळीकडे लाल ठिपके. नेलपॉलिश जरा काळवंडलं होतं, पण एकही टाका सुटला नव्हता. प्रत्येक टाक्यावर एक टपोरा ठिपका, मसूर ठेवल्यासारखा. फक्त दोन टाके कोरे होते. शेजारी शेजारी, गबाळे, पाणीपुरीसारखे फुगलेले. तसे टाके मामा देत नसे. तसे मी देतो.

मांडवात, सगळ्या लोकांसमोर, अंगठा फिरवला तेव्हाच त्याला कळलं होतं.

मी आठवायला बसलो की तो नेमकं काय म्हणाला होता. कपॅसिटर उलटा लागला. लावला नाही म्हणाला, लागला. लावला म्हटलं की मग कोणी लावला हे सांगावं लागतं. लागायला काय, चालता चालता पायाला दगडही लागतो. मामा खोटं बोलला नव्हता. त्याने एका अक्षरात मला झाकलं होतं, आणि मी बारा वर्षं त्या अक्षरावर नकला करत होतो.

परवा शनिवार होता. मायनस सप्लायचाच धडा. मी डबा वर्गात नेला, पोरांनी तो हातोहात फिरवला. कळशी सांगितली, रांजण सांगितला. मागच्या बाकावरच्या पोरांनी वरच्या वर्गाकडून किस्सा आधीच ऐकलेला. ती गालात हसत वाट बघत होती.

"माझ्या मामाने," मी म्हणालो, "हा बरोबर लावला होता."

पोरं थोडी हसली. त्यांना वाटलं, ही नवी सुरुवात आहे.

"मग सर, उलटा कसा काय?" पुढच्या बाकावरच्या शर्वरीने विचारलं. डबा तिच्या हातात होता, पालथा, आणि तिचं बोट नेमकं त्या दोन कोऱ्या टाक्यांवर होतं.

"लागला," मी म्हणालो.

वर्ग हसला. नेहमीसारखा, खळखळून. मी तो हशा संपू दिला. खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"लागला नाही," मी म्हणालो. "मी लावला."